पतंगाच्या दोरीवरून पाहिलेलीं जहाजें : चॅथम गोदींतील छायाचित्रांचें परीक्षण

जुन्या जहाजांच्या अभ्यासाचीं साधनें आजवर मुख्यत्वेंकरून तीन प्रकारचीं मानीत : गोदीच्या दप्तरांतील कागद व नकाशे, चित्रकारांनीं काढलेलीं चित्रें, आणि मोडीत न निघतां दैवयोगानें शिल्लक राहिलेलीं प्रत्यक्ष जहाजें. यांच्या जोडीस आतां एक चौथें साधन येऊन बसूं पाहत आहे. पतंगाच्या दोरीस कॅमेरा टांगून जहाजाच्या डोक्यावरून घेतलेलें छायाचित्र तें हें. इंग्लंडांत केंट परगण्यांत मेडवे नदीच्या कांठीं चॅथम येथें जुनी आरमारी गोदी आहे. तेथील जहाजांचीं अशीं छायाचित्रें हौशी मंडळींनीं घेतलेलीं आहेत. तीं देखणीं आहेत याविषयीं वाद नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. संग्रहांत एकदां शिरलेलें चित्र पुढें केव्हां तरी पुराव्याच्या जागीं वापरलें जातेंच. तेव्हां त्यांतून जहाजाविषयीं काय सिद्ध होतें व काय होत नाहीं, हें आधींच पारखून ठेवणें बरें. जुन्या कागदास जी कसोटी आम्ही लावतों तीच येथें लावली आहे. निराळी लावण्याचें कारण दिसलें नाहीं.

प्रथम स्थळाविषयीं. चॅथमची आरमारी गोदी इ. स. १९८४ सालीं बंद झाली, आणि तिचा सुमारें ८० एकरांचा जुना भाग जतनासाठीं एका विश्वस्त संस्थेकडे गेला. तेथें शेजारीं शेजारीं असलेल्या तीन सुक्या गोद्यांत तीन जहाजें बसविलेलीं आहेत : दुसऱ्या क्रमांकाच्या गोदींत 'कॅव्हेलियर' ही विनाशिका, तिसरींत 'ऑसिलॉट' ही पाणबुडी, आणि चवथींत 'गॅनेट' ही शीड व वाफ या दोहोंवर चालणारी युद्धनौका. 'कॅव्हेलियर' जेथें उभी आहे त्याच जागीं इ. स. १७५९ त 'व्हिक्टरी' या सुप्रसिद्ध जहाजाचा कणा घातला गेला, व १७६५ त तें पाण्यांत उतरलें. आसपास १८३८ सालचा, प्रचंड लांकडी छपराखालचा जहाजबांधणीचा उतार आहे. १,१३५ फूट लांबीचा दोरखाना आहे. सुक्या गोदींतलें जहाज कांठावरून पाहिलें तर त्याची एक कूस दिसते. डेकवर चढून पाहिलें तर पायांखालच्या फळ्या दिसतात. सबंध जहाज नाळेपासून वऱ्यामापर्यंत एका नजरेंत कोठूनही येत नाहीं. पतंगाचें प्रयोजन येथें उत्पन्न होतें, आणि तें खरें प्रयोजन आहे हें प्रारंभींच कबूल केलें पाहिजे.

ही युक्ति नवी नव्हे. फ्रान्स देशांत लाब्रुगिएर येथें आर्थर बात्यू या गृहस्थानें इ. स. १८८८ त पतंगावरून छायाचित्र घेतलें, व १८९० त या विषयावर पुस्तकही प्रसिद्ध केलें. त्याच्या कॅमेऱ्याची झडप जळत्या वातीनें सुटे. आजच्या वाचकास त्या वातीचें कौतुक वाटेल. आम्हांस कौतुक वाटतें तें दुसऱ्याच गोष्टीचें. बात्यूनें कॅमेऱ्याबरोबर उंची मोजण्याचें एक यंत्रही वर पाठविलें, आणि तें अशा बेतानें बसविलें कीं चित्र उठे त्या क्षणाची उंची त्याबरोबरच नोंदली जावी. उंची कळली व भिंगाचें माप ठाऊक असलें, म्हणजे चित्रावरून जमिनीवरील अंतरें काढतां येतात. सारांश, या विद्येच्या मूळपुरुषानें आपल्या कागदावर मिती घालण्याची दक्षता आरंभींच घेतली होती. मागून आलेल्यांनीं चित्राची स्पष्टता पुष्कळ वाढविली, पण मिती घालण्याची ही चाल बहुतेकांनीं सोडून दिली. आमच्या परीक्षणाचा सारा रोख या एका गोष्टीवर आहे.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. सर हेन्री वेलकम यानें सुदानांतील जेबेल मोया येथील उत्खननावर १९१२ च्या सुमारास पेटीवजा पतंगांवरून छायाचित्रें घेवविलीं. पुराणवस्तूंच्या कामीं पतंगाचा उपयोग होऊं लागला तो येथपासून, असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्याच सुमारास पिकाव्हे या फ्रेंच गृहस्थानें कॅमेरा टांगण्याची जी फुलीच्या आकाराची, कप्प्यांवरून दोरी फिरविलेली युक्ति काढली, तीच आजही हौशी लोक वापरतात. कॅमेरा पतंगास बांधीत नाहींत. पतंग वर जाऊन स्थिरावला म्हणजे त्याच्या बऱ्याच खालीं दोरीवर टांगतात. पतंगाचे हिसके दोरींत जिरतात, आणि दोरी कितीही कलली तरी ती फुली कॅमेऱ्यास समतल ठेवते.

सर्वांत गाजलेलें पतंगचित्र मात्र अमेरिकेंतलें आहे. १९०६ सालच्या भूकंपानें व आगीनें उद्ध्वस्त झालेल्या सॅन फ्रान्सिस्को शहराचें चित्र जॉर्ज लॉरेन्स यानें सतरा पतंगांच्या माळेवरून, ४९ पौंड वजनाचा कॅमेरा सुमारें २,००० फुटांवर चढवून घेतलें. चित्र म्हणून त्यास तोड नाहीं. परंतु पतंगचित्राचा नमुना म्हणून जो तो त्याच्याकडे बोट दाखवितो, हें आम्हांस पटत नाहीं. तें शहराचें चित्र आहे. इतक्या उंचीवरून जहाज म्हणजे पाण्यावरची एक काडी. जहाजाच्या अभ्यासकास हवी असते ती गच्चीहून थोडी अधिक आणि विमानाहून पुष्कळ कमी अशी उंची, कीं जींत फळीन् फळी मोजतां यावी व शिवाय सर्व जहाज एका चौकटींत मावावें. ब्रिटनमध्यें परवानगीवांचून पतंग ६० मीटरांच्या वर चढवूं देत नाहींत. हा निर्बंध हौशी लोकांस जाचक वाटत असेल, पण जहाजांच्या बाबतींत तो उपकारकच ठरला आहे.

आतां दोषांकडे वळूं. पहिला दोष वाऱ्याचा. वावडी उडविणाऱ्या कोंकणांतल्या पोरासही ठाऊक असतें कीं वावडी आपल्या मनाजोगी नव्हे, वाऱ्याच्या मनाजोगी उभी राहते. इंग्लंडांत नैर्ऋत्येचा वारा फार. म्हणजे उडविणारा जहाजाच्या नैर्ऋत्येस उभा राहणार व कॅमेरा त्याच्या ईशान्येस लटकणार. त्यांतच चॅथमला उंच छपरांच्या इमारती आहेत. त्यांच्या आडोशास वारा फाटतो, तेथें पतंग गटांगळ्या खातो, व म्हणून तेथें कोणी उडवीत नाहीं. परिणाम असा कीं, एकेका जहाजाचीं चित्रें पुष्कळ असलीं तरी तीं वाऱ्यानें मुभा दिलेल्या थोडक्या जागांवरूनच घेतलेलीं असण्याचा संभव अधिक. दप्तराच्या ज्या बाजूस वाळवी लागली त्या बाजूचे कागद आपणांस मिळत नाहींत, आणि जे मिळाले त्यांवरूनच सर्व कारकीर्दीचा इतिहास लिहिण्याचा मोह होतो; त्यांतलाच हा प्रकार. वाळवीच्या बाजूची निदान नोंद तरी असावी. कोणत्या वाऱ्यावर, कोठें उभें राहून चित्र घेतलें, हें चार शब्दांत लिहिलेलें असलें तर काय राहिलें असेल याचा अदमास करतां येतो.

दुसरा दोष भूमितीचा असून अधिक फसवा आहे. वरून घेतलेलें छायाचित्र नकाशासारखें दिसतें, पण तें नकाशा नव्हे. समजा, कॅमेरा डेकच्या बरोबर वर ४० मीटरांवर आहे, आणि डोलकाठीचें टोंक डेकपासून २० मीटर उंच आहे. टोंकाजवळची वस्तु कॅमेऱ्यापासून २० मीटरांवर, डेक ४० मीटरांवर. म्हणजे एकाच चित्रांत वरची वस्तु डेकवरील वस्तूच्या दुप्पट प्रमाणांत उमटणार. डेकच्या मापानें कोणी तेथील परबाण मोजलें तर तें प्रत्यक्षाच्या दुप्पट भरेल. शिवाय काठ्या चित्राच्या मध्यापासून बाहेर कललेल्या दिसतात. त्या तशा नसतात. जहाजकारागीर पूर्वी तीन आकृत्या काढीत : एक कुशीची, एक आडव्या छेदाची, आणि एक वरून पाहिल्यासारखी अर्ध्या रुंदीची. चॅथममध्यें डोलकाठ्यांच्या कारखान्यावरील माळ्यावर 'व्हिक्टरी'च्या रेषा अशाच मूळ मापानें जमिनीवर आंखल्या गेल्या होत्या. पतंगचित्र त्या तिसऱ्या आकृतीचें भावंड वाटतें, आणि वाटतें म्हणूनच घात होतो. आकृतींत प्रत्येक रेषेची पातळी ठरलेली असते. छायाचित्रांत सर्व पातळ्या एकमेकींवर पडलेल्या असतात.

अठराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास जोसेफ फॅरिंग्टन यानें चॅथम गोदीचें पक्षिदृष्टीचें चित्र काढलें. तो कांहीं आकाशांत गेला नव्हता. जमिनीवरून व नकाशांवरून पाहून त्यानें तें मनानें वर उचललें. त्यामुळें त्यांत वाऱ्याची अडचण नाहीं, छपराचा आडोसा नाहीं, आणि चित्रकारास जें दाखवावयाचें होतें तें सर्व दिसतें. छायाचित्र याच्या उलट : त्यांत कोणास नको असलेलें तेवढेंही येतें, कांठावरची हातगाडी येते, डेकवरचे प्रेक्षक येतात. आमच्या मतें हाच त्याचा मोठा गुण आहे. बखरकार सांगतो तें आणि हिशेबाच्या कागदांत सहजगत्या राहून जातें तें, यांतला फरक वाचकांस नव्यानें सांगावयास नको.

परंतु सर्वांत महत्त्वाचा मुद्दा जहाजांच्याच अस्सलपणाचा आहे, आणि तो पतंगवाल्यांच्या लक्षांत क्वचितच येत असावा. 'गॅनेट' १८७८ त शियरनेस येथें पाण्यांत उतरली. लोखंडी सांगाडा व त्यावर सागवानी फळ्या अशी तिची बांधणी. लांबी १७० फूट, रुंदी ३६ फूट. इ. स. १८८८ त तांबड्या समुद्रावरील सुआकीन येथें ती लढाईंत होती. १९०३ नंतर ती शिक्षणाची नौका झाली, तिचें नांव बदललें. १९१३ पासून १९६८ पर्यंत हॅम्बल नदींत मुलांची राहण्याची जागा म्हणून तिचा उपयोग झाला. १९८७ त ती चॅथमला आली, व पुढील जीर्णोद्धारांत तिला १८८८ सालचें रूप द्यावें असें ठरलें. तेव्हां आज वरून घेतलेल्या छायाचित्रांत दिसते ती १८८८ सालची 'गॅनेट' नव्हे. १८८८ सालाविषयीं विसाव्या शतकाच्या अखेरीस विद्वानांनीं व सुतारांनीं मिळून जें ठरविलें तें दिसतें. कदाचित् तें बरोबर असेल, पुष्कळ अंशीं असेलच. पण तो संपादकानें शुद्ध केलेला पाठ आहे, मूळ पोथी नव्हे. मधल्या ऐंशी वर्षांचे पाठ त्यांत खरडून काढले गेले आहेत. बात्यूचें पहिलें चित्र आणि 'गॅनेट'ची लढाई एकाच सालचीं, हा योगायोग मनोरंजक खरा. सुआकीनवर मात्र कोणी वावडी चढविली नव्हती.

'कॅव्हेलियर'ची गोष्ट नेमकी उलट. ती १९४४ त पाण्यांत उतरली व १९७२ त आरमारांतून निघाली. मधल्या काळांत तिच्यावर पाणबुडीविरोधी नवीं शस्त्रें व पुढें 'सी-कॅट' क्षेपणास्त्रें बसविण्यांत आलीं. जपलेली आहे ती ही उत्तरकालीन 'कॅव्हेलियर'. दुसऱ्या महायुद्धांत बुडालेल्या ब्रिटिश विनाशिकांचें स्मारक म्हणूनही ती मानली जाते, त्यामुळें तिच्या छायाचित्रावर 'महायुद्धांतील विनाशिका' असें लिहिण्याचा मोह होणार हें उघड आहे. तसें लिहिणें म्हणजे नानासाहेबाच्या पत्रावर बाजीरावाची मिती घालणें होय. युद्धकालीन डेकची रचना तिच्यावरून सिद्ध करूं नये. उलट १९६० नंतरच्या फेरबदलांचा पुरावा म्हणून तिचीं पतंगचित्रें उत्तम आहेत, कारण मागून बसविलेली सामग्री जुन्या जागेंत कशी दाटीनें बसविली हें वरूनच नीट दिसतें.

'ऑसिलॉट' ही १९६२ त पाण्यांत उतरलेली, ब्रिटिश आरमारासाठीं या गोदींत बांधलेली शेवटची युद्धनौका. तिच्यावर फार लिहिण्यासारखें नाहीं. वरून दिसतें तें पाणी आंत खेळूं देणारें बाहेरचें आवरण. पाण्याचा दाब सोसणारा खरा सांगाडा त्याच्या आंत असतो. लखोटा पाहून पत्राचा मजकूर सांगण्यासारखें तें आहे.

या गोदीचें सर्वांत मोलाचें जहाज तर वरून कधींच दिसणार नाहीं. १९९५ त चाकें करणाऱ्या सुतारांच्या जुन्या कारखान्याच्या जमिनीखालीं एका जहाजाचीं लांकडें सांपडलीं. तीं याच गोदींत बांधून १७५६ त उतरविलेल्या 'नामूर' या युद्धनौकेचीं आहेत असें पुढें ठरलें. त्या लांकडांवर जीर्णोद्धाराचा हात फिरलेला नाहीं. पतंग छपरावरून कितीही फिरला तरी त्यास त्यांतलें कांहीं दिसावयाचें नाहीं.

याच गोदीच्या आवारांत आमच्या किनाऱ्याशीं संबंध असलेली एक वस्तु आहे. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या देखरेखीखालीं सागवानाचीं मोठीं युद्धजहाजें तयार होत; त्यांपैकीं 'वेलस्ली' हें १८१५ त पाण्यांत उतरलें. पुढें १८६८ त त्याचें नांव 'कॉर्नवॉल' होऊन तें थेम्स नदींत शिक्षणाची नौका म्हणून राहिलें, आणि सप्टेंबर १९४० त जर्मन विमानांच्या हल्ल्यांत बुडालें. त्याच्या नाळेवरची आकृति तेवढी आज चॅथमला आहे. पतंगचित्राची विद्या त्या वेळीं बावन्न वर्षांची झाली होती! मुंबईचेंच १८१७ सालचें 'ट्रिंकोमाली' हार्टलपूल येथें अजून तरंगत आहे. त्याच्या बांधणीचे नकाशे प्रथम ज्या 'जावा' जहाजांतून पाठविले तें १८१२ च्या डिसेंबरांत अमेरिकनांनीं पकडलें, व नकाशांची दुसरी प्रत मुंबईस पाठवावी लागली. मूळ कागद गेला, नकलेवरून जहाज झालें, आणि आतां तें जहाजच त्या कागदाची साक्ष देत आहे. अशा जहाजावर पतंग चढविणाऱ्यानें आपण काय टिपीत आहों हें ओळखून चढवावा.

तेव्हां चॅथमच्या चित्रांविषयीं आमचा निर्णय असा कीं, साधन खरें आहे, पण तें ज्या रूपानें आपल्या हातीं येतें तें रूप बिघडलेलें आहे. हौशी माणूस एका दुपारीं शेंकडों चित्रें घेतो, त्यांतलीं चारदोन सुरेख तेवढीं ठेवतो व बाकीचीं टाकून देतो. शिक्कामोर्तबाचीं पत्रें तेवढीं फडताळांत ठेवून उरलेला रुमाल रद्दींत घालणाऱ्या संग्राहकास आपण काय म्हणतों? आज तर टाकून दिलेल्या चित्रांचेंच मोल अधिक आहे. कारण एकमेकांवर निम्म्याहून अधिक चढलेलीं अनेक चित्रें असलीं म्हणजे गणितयंत्राच्या साह्यानें जहाजाचा लांबी, रुंदी व उंची या तिन्ही अंगांनीं आकार उभा करतां येतो, आणि वर सांगितलेला भूमितीचा दोष बहुतांशीं नाहींसा होतो. कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर वेळ स्वतःच नोंदून ठेवतो. चित्र एका हातांतून दुसऱ्या हातांत जातांना ही नोंद गळून पडते. ती पडूं देऊं नये.

कित्येक जण चित्र सुबक व्हावें म्हणून त्यांतील दोरी व खालीं उभा असलेला पतंग उडविणारा माणूस पुसून टाकतात. हें तर निवळ अज्ञान होय. चित्र कोठून घेतलें याचा तो माणूस व ती दोरी हाच पुरावा. जुन्या पत्राच्या शेवटीं असलेली लिहिणाराची खूण 'अक्षर बरें नाहीं' म्हणून कापून टाकावी, तसें तें आहे.

हल्लीं ड्रोनें स्वस्त झालीं असतां पतंग कशाला, असें विचारणारे भेटतील. ड्रोन नेमक्या जागीं नेतां येतें व आपली उंची स्वतः नोंदतें, हें त्याचें श्रेष्ठत्व आम्ही नाकारीत नाहीं. पण तें फार वेळ वर राहत नाहीं, जोराच्या वाऱ्यांत डगमगतें, व त्याचा गोंगाटही पुष्कळ. पतंग वारा आहे तोंवर तासन् तास उभा राहतो, आणि उन्हाची तिरीप बदलते तसतशीं त्याच ठिकाणचीं चित्रें घेतां येतात. फळ्यांचे सांधे, खिळ्यांच्या ओळी, दगडांवरचे घाव या गोष्टी माथ्यावरच्या उन्हांत सपाट दिसतात व कलत्या उन्हांत सांवल्यांनीं उठून येतात. येवढ्या एका कारणासाठीं तरी पतंग टाकून देऊं नये.

हें सर्व चॅथमविषयीं लिहीत असतां आमचें लक्ष वारंवार विजयदुर्गाकडे जात होतें. आंग्र्यांच्या व पुढें धुळपांच्या या ठाण्याजवळ, वाघोटणच्या खाडींत सुमारें तीन किलोमीटर आंत, खडकांत खोदलेली मराठी आरमाराची गोदी आहे. लांबी सुमारें १०९ मीटर, रुंदी सुमारें ७० मीटर. तेथें जीर्णोद्धार झालेलें जहाज नाहीं, उंच छपरें नाहींत, आणि समुद्रावरचा वारा उघडीपीच्या दिवसांत तिसऱ्या प्रहरीं नेमानें वाहतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत ओहोटीही त्याच सुमारास खोल जाते, म्हणजे वारा, कलतें ऊन व उघडा तळ हीं तिन्ही एका वेळीं मिळतात. ज्या कोणास ही हौस असेल त्यानें पतंग सोडण्यापूर्वीं गोदीच्या चारी कोपऱ्यांवर मोजलेले, पांढरा रंग दिलेले बांबू आडवे टाकावे, त्यांचीं मापें व तिथि वहींत लिहावीं, आणि घेतलेलीं सर्व चित्रें, बिघडलेलीं सुद्धां, त्या वहीबरोबर एकाच ठिकाणीं ठेवावीं.